जोडघराचा नकाशा

रियाध, अल मलाझ
१८ जानेवारी २०१३

प्रिय खैरू,

सलाम आणि पुष्कळ दुआ. तुझं पाकीट बुधवारी ऑफिसच्या टपालपेटीत आलं. सहा फोटो. बाई, तू राहायला खोली शोधलीस की भावाला छळायला? दोन दिवस मी ऑफिसचं काम बाजूला सारून तेच बघतोय.

विटांची दोन घरं, एकमेकांना चिकटून. ना गिलावा, ना रंग. तुला कळलं का ती वीट कशी लावलीय? एक वीट लांबीने, तिच्या शेजारची आत घातलेली, म्हणजे तिचं नुसतं डोकं दिसतं, मग परत लांबीची. आमच्या धंद्यात ह्याला फ्लेमिश बाँड म्हणतात. डोकी भट्टीत जास्त भाजून काळपट झालीत, म्हणून भिंत चौकडीच्या लुंगीसारखी दिसते. खिडकीवरच्या कमानी बघ. तिथल्या विटा घासून पाचरीसारख्या केल्यात, सांध्यात पोस्टकार्डसुद्धा शिरणार नाही. आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या मुद्दाम आखूड, म्हणजे घर आहे त्याहून उंच वाटतं. सत्तावीस वर्षं मी सौदीत नकाशे काढतोय, काचेचे आणि काँक्रीटचे. इतकं शहाणं काम हातून झालं नाही.

तिसऱ्या फोटोत जिन्याच्या वळणावर, दोन घरांच्या मधल्या भिंतीत, बुजवलेली कमान आहे. तिथे दार असणार! दोन घरं, पण आतून ये-जा. तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. बाबांनी ठेवलेले खाडीकाठचे दहा गुंठे आपल्या दोघांच्या नावावर आहेत. तुझ्या सकिनावहिनीला जाऊन तीन वर्षं होतील. तुझे मियाँ गेले त्याला आठ. तू तिथे एकटी, मी इथे मेसमधल्या सात जणांत एकटा. आपण तिथे जोडघर बांधू. एक तुझं, एक माझं, मध्ये एक भिंत आणि भिंतीत दार. म्हातारपणी माणसाला शेजार हवा, आणि सख्ख्या बहिणीसारखा शेजार कुठला? तू ये म्हणजे झालं. खरं सांगतो, आता परत जायचं तर कोणाकडे जायचं, हा प्रश्न मला फार सतावतो.

तोवर एक काम कर. समोरची भिंत मोजून पाठव. खिडक्या, दार, विटांचे थर, सगळं. फोनवर हे जमत नाही. फोनवर आपण दोघं नुसतं 'बरं आहे' म्हणतो.

इथे सरकारने कंपन्यांना रंग दिलेत. सौदी माणसं पुरेशी असली तर हिरवा, नसली तर पिवळा, मग लाल. आम्ही पिवळे. माझी काळजी नको, मी ऑफिसच्या खुर्च्यांहून जुना.

तुझा,
जलालभाई


इंग्लंड
१० फेब्रुवारी २०१३

प्रिय भाई,

सलाम. रियाधच्या उबेत बसून भिंती मोजायला सांगणं सोपं आहे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. इथे गुडघाभर बर्फ होता. तरी मोजलं, आमच्या केअर होममध्ये जखमा मोजायची कागदी पट्टी असते, तिने. रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा टोपी काढून म्हणाला, भिंत बरी होईल ना?

वीट साडेबावीस सेंटिमीटर लांब, साडेसहा जाड. चार थरांत एक फूट. दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, वर तीन, त्यावर तीन आखूड. बाकी सगळं मागच्या पानावर आहे. पन्हळीच्या वर शिशाची पेटी आहे, तिच्यावर १७२८ साल कोरलंय. घरमालकीण मिसेस हॅडली सांगते, लोकरीचा व्यापार करणाऱ्या दोन भावांनी ही बांधली. शेजारचं घर मोजता आलं नाही, तिथले मास्तर मुलीकडे गेलेत.

माझी खोली सगळ्यात वर, छपराखाली. उभी राहिले की डोकं तुळईला लागतं. पण भाई, दाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या एकटीकडे. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच. कामावरून आले की मी किल्ली फिरवते आणि नुसती बसते. कधी कधी फार एकटं वाटतं, नाही असं नाही. रविवारी तर भिंतीशी बोलते. पण बसते.

जोडघराचं वाचलं. नकाशा काढ, बघू. तू काढलेलं मला नेहमीच आवडतं.

तुझी,
खैरुन्निसा


रियाध
१५ मार्च २०१३

प्रिय खैरू,

'बघू' म्हणालीस, म्हणजे अर्धी आलीस. नकाशा झाला, त्याची प्रत सोबत आहे. कॉम्प्युटरवर नाही, ट्रेसिंगवर हाताने काढलाय.

आधी इथली गंमत ऐक. तपासणीची माणसं ऑफिसं फिरतायत. इकाम्याच्या परवान्यावर जो धंदा लिहिलाय तोच करतोस की नाही, हे बघतात. माझ्या इकाम्यावर काय आहे ठाऊक आहे ना? गवंडी! छ्याऐंशी साली एजंटकडे गवंड्याचा व्हिसा शिल्लक होता, म्हणून मी गवंडी. सत्तावीस वर्षांत एक वीट हातात घेतली नाही. तेव्हा खाली गाडी थांबली की नवाफ मला हाक मारतो आणि मी गच्चीवर जातो. नवाफ म्हणजे आमच्याकडे नवा लागलेला सौदी पोरगा. हुशार आहे, मीच शिकवतोय त्याला. परवा दोन तास पाण्याच्या टाकीमागे बसलो होतो. पंचावन्न वर्षांचा माणूस, लपाछपी! नवाफने वर चहा आणून दिला आणि मान खाली घालून म्हणाला, माफ करा चाचा.

असो. आता नकाशा. तुझ्या विलायती घराचं तोंड तसंच घेतलंय, फक्त विटेऐवजी आपला जांभ्याचा चिरा. अर्धं काढलं आणि आरशासारखं उलटवलं. आमच्या धंद्यातली ही जुनी सवय, जोडघराचं एकच घर काढायचं. दोघांना पुढे पडवी, मग ओटी, मग निजायची खोली. मधल्या भिंतीत दार, तुझ्या घरातल्या कमानीसारखं. मागच्या बाजूला जरा फरक केलाय. माझ्याकडे उत्तरेचा उजेड येतो, म्हणून तिथे कामाचं टेबल. दार उघडं टाकलं की मला बसल्या जागेवरून तुझी हालचाल दिसेल. बरं वाटेल.

गावच्या बाबाजी गवंड्याशी फोनवर बोललो. पाऊस संपला की पाया खणू म्हणाला. तू कधी येतेस ते कळव.

तुझा,
जलालभाई


इंग्लंड
२ मे २०१३

प्रिय भाई,

उत्तराला उशीर झाला. तीन वेळा लिहून फाडलं. ह्या वेळी फाडणार नाही.

नकाशा मी पलंगावर पसरून पाहिला. रेषा किती सुंदर! माझं घर मी पायाने फिरावं तसं बोटाने फिरले. पडवी, ओटी, खोली, मागे चूल, मोरी, धुराडं. मग दारातून तुझ्याकडे आले. पडवी, ओटी, खोली, टेबल. पुन्हा फिरले. भाई, तुझ्या घरात चूल कुठे आहे?

नाही. राहून गेली असंही नाही. उलटवताना ती आली असणार. म्हणजे तू ती पुसलीस, आणि पुसताना तुझ्या मनात काही आलंसुद्धा नाही. म्हणून तर ते दार.

मी मिसेस हॅडलीला त्या कमानीचं विचारलं. तिथे दार कधीच नव्हतं. तो भिंतीतला कोनाडा आहे, मेणबत्ती ठेवायचा. मधली भिंत दीड विटेची, अखंड. मग तिने काठी टेकत मला मागे नेलं आणि धुराडी दाखवली. दोन्ही घरांना आपापलं स्वयंपाकघर, आपापलं धुराडं. दोघे भाऊ रोज संध्याकाळी पुढच्या दाराने एकमेकांकडे जात, टकटक करून.

रागाने लिहीत नाहीये. मी आधी सासूचं केलं, मग मियाँचं, मग आयचं. तुझा पासपोर्ट तुझ्या मालकाकडे, कफीलकडे, अडकला होता तेव्हा तीन महिने रजा काढून सकिनावहिनीचं केलं. ते मी प्रेमाने केलं, वहिनीचं तर पुन्हा करीन. आता म्हाताऱ्यांचं पगारावर करते. आठ तास झाले की संपतं आणि मी किल्ली फिरवते. भाई, मला तुझी चूल सांभाळायला यायचं नाही. मी येणार नाही.

आणखी एक. मागच्या वर्षी मी इथली नागरिक झाले. टाऊन हॉलमध्ये शपथ घेतली, एकटीने केक खाल्ला. तुला सांगायचं धैर्य झालं नाही.

माझ्यावर रुसू नकोस.

तुझी,
खैरुन्निसा


रियाध
२४ मे २०१३

प्रिय खैरुन्निसा,

पत्र मिळालं. नागरिकत्वाचं मुबारक.

चुलीचं नजरचुकीने राहिलं. नकाशात दुरुस्ती होते, त्यासाठी एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. मी तुला मोलकरीण म्हणून बोलावत नव्हतो. माझ्या मनात काय होतं ते अल्लाला ठाऊक.

इथे सगळं ठीक. कामाचा रेटा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. ऑफिसच्या टपालपेटीची किल्ली हरवलीय, ह्यापुढे पत्र मेसखालच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर पाठव. पत्ता मागे आहे.

जलाल


इंग्लंड
३० जून २०१३

प्रिय भाई,

किल्ली हरवली तर दुसरी होते. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणीही यायचं नाही. मी तुझ्या ऑफिसला फोन केला. नवाफने उचलला. माझं नाव ऐकून आधी सलाम केला. मग सांगितलं, जलालचाचा मेच्या पहिल्या आठवड्यातच काम सोडून गेले. टेबल रिकामं ठेवलंय, मी तिथे बसत नाही, म्हणाला.

म्हणजे माझं 'येणार नाही' तुला त्याच दिवसांत मिळालं. मला हे ठाऊक असतं तर मी ते पत्र लिहिलं नसतं. आणि मग कधीच लिहिलं नसतं, हेही खरं.

काल मी कागद घेऊन बसले होते, 'भाई, मी येते, मी करते तुझं' असं लिहायला. हात तिथपर्यंत गेला. लिहिलं नाही. खूप रडले, पण लिहिलं नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण. फक्त कळव की तू कसा आहेस, आणि जेवतोस का.

तुझी,
खैरू


रियाध
१८ ऑक्टोबर २०१३

प्रिय खैरू,

साडेतीन महिने उत्तर दिलं नाही. रुसलो होतो. ह्या वयात रुसवा काढायला कोणी येत नाही, म्हणून आपणच उतरलो.

आता सगळं सांगतो. ऑफिस पिवळ्याचं लाल झालं. लाल कंपनीला इकामे नवे करून मिळत नाहीत. दुसरीकडे जायची मुभा होती, पण कागदावर मी गवंडी, आणि पंचावन्न वर्षांचा गवंडी कोण घेणार? कफील वाईट माणूस नाही. त्याने मला समोर बसवून कहवा पाजला, मग म्हणाला, जलाल, खलास. माझ्या हातात पट्टी होती, ती मी तशीच खिशात घालून बाहेर पडलो.

उन्हाळाभर कागद नीट करण्यात गेला. मेस रिकामी झाली. कोणी अल खफजीला गेला, बाकीचे गावाला. रफीक श्रीवर्धनला गेला तेव्हा मला खरा घोर लागला, कारण सगळ्यांचा स्वयंपाक तो करायचा. सात माणसांच्या घरात मी एकटा आणि ओट्यावर एवढं मोठं पातेलं. पहिल्या दिवशी भात केला. वर कच्चा, खाली कोळसा. विकतच्या खबूस रोटीवर आणि दह्यावर आठवडा काढला. तेव्हा तुझा नकाशा, म्हणजे माझाच, पुन्हा काढून बघितला. खैरू, तू म्हणालीस तेच खरं. मी ती चूल पुसली होती. रबराची खूणसुद्धा आहे कागदावर. पुसताना मनात एवढंच आलं होतं की जेवायला खैरूकडे, म्हणजे दुसरी चूल कशाला, जागा फुकट. वाईट हेतू नव्हता. पण हेतू नव्हता, हेच वाईट असं आता वाटतं.

पासपोर्टवर एक्झिट, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का, लागलाय. २९ तारखेचं विमान. दहा गुंठ्यांवर एकच घर बांधणार, तुझा भाग मोकळा ठेवून. तू येणार नाहीस हे मी मान्य केलंय. सवय व्हायला वेळ लागेल.

भातात पाणी किती घालतात?

तुझा,
जलालभाई


इंग्लंड
९ नोव्हेंबर २०१३

प्रिय भाई,

तांदूळ तीन वेळा धू. तांदळाला बोट टेकव, वर पहिल्या पेरापर्यंत पाणी. उकळी आली की झाकण, मग आच कमी. सारखं उघडून बघू नकोस.

सुखरूप पोचलास ना? विमानतळावर घ्यायला कोणी नसणार, हे त्या दिवशी सारखं मनात येत होतं. इथे माझी ड्यूटी होती, एका आजीला भरवत होते. चमचा हातात तसाच राहिला, तीच म्हणाली, बाई, मी तोंड उघडलंय.

चार वाक्यं जास्त लिहिली तर माझा निश्चय मोडेल. म्हणून पुरे.

तुझी,
खैरू


गावाहून
७ मार्च २०१४

प्रिय खैरू,

घर झालं. एकच खोली, पडवी, आणि मागे स्वयंपाकघर. धुराडंही केलंय, गावात कोणी करत नाही, लोक बघायला येतात. मी बाबाजीला म्हटलं होतं, चिरा एक लांब, एक आडवा असा लाव, विलायती. त्याने एक थर लावला. चिरा केवढा, भिंत केवढी, डोकी वीतभर बाहेर आली. बाबाजी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "जलालभाय, ह्यो चिरा हाय, साबनाची वडी न्हाय. कागदावर गवंडी व्हतास ना रं तू?" सगळे हसले. मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी. दुसऱ्या दिवशी तो थर काढून टाकला.

भात आता येतो. आमटी येते, मासळी शिकतोय. पण खैरू, एका माणसाचा स्वयंपाक फार कठीण आहे ग. शिकवणारा कोणी नाही. मूठभर तांदूळ पातेल्यात दिसतसुद्धा नाहीत. अर्धी मासळी कोणी विकत नाही. केलं तर उरतं, आणि उरलेलं संध्याकाळी एकट्याने खाताना घास फिरतो. कधी कधी चूल पेटवायची ती कोणासाठी, असं म्हणून मी नुसता चहा पितो आणि आडवा होतो.

काल असाच आडवा झालो असताना एकदम उठून बसलो. सकिना इथे बावीस वर्षं एकटी होती. मी दोन वर्षांनी दीड महिना यायचो, तेव्हा दस्तरखान भरलेला असायचा. ती बाकीचे दिवस काय करत असेल, हे मला कधी सुचलंच नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. शेजारच्या बायकांना विचारायची लाज वाटते.

तू शेवटचे तीन महिने तिच्याजवळ होतीस. मी नसताना ती काय जेवायची, तेवढं मला लिही. खरं लिही.

तुझा,
जलालभाई


इंग्लंड
२२ मार्च २०१४

प्रिय भाई,

खरं लिही म्हणालास, म्हणून लिहिते.

वहिनी चहात बुडवून कडक बटर खायची. दुपारी कधी पेज, मिठाचा खडा घालून. मी आले तेव्हा घरात दोनच भांडी वापरात होती, बाकीची फळीवर पालथी. मी तिच्यावर ओरडले, आजारी आहेस, असं कसं चालेल? ती म्हणाली, आजाराने नाही, हे पहिल्यापासूनच आहे.

शुक्रवारी मात्र उठायची. ताप असला तरी उठायची. तांदूळ निवडायची, तिसऱ्यांचं कालवण करायची, सोलकढी करायची, आणि मला चुलीजवळ येऊ द्यायची नाही. खायची चार घास, बाकी शेजारी द्यायची. एकदा मी हात धरून म्हटलं, वहिनी, अगं उभं राहवत नाही तुला, कोणासाठी करतेस हे?

ती म्हणाली, "आज त्यांचा फोन येतो ना. पयलं इचारतात, आज काय केलंस. त्यांना खोटं सांगाया नको गो."

तुझी,
खैरू